संकेतस्थळासाठी भाषा कोणती?

कुंभकोणमहून आडुतुरैच्या परिसरात गेले म्हणजे कावेरीच्या दक्षिणेकडील भातशेतीत तिरुनीलक्कुडी नावाचे एक लहानसे गाव लागते. तेथील नीलकंठेश्वराच्या लिंगावर तेलाचा अभिषेक करतात, आणि कितीही तेल घातले तरी ते पाषाणात जिरून जाते अशी भाविकांची श्रद्धा आहे. शैव संत अप्पर यांनी या देवस्थानाचे स्तवन केले असल्यामुळे तमिळ शैवांच्या तीर्थमालिकेत त्याला मानाचे स्थान आहे.

मराठी श्रोत्याला हा मुलूख अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकले. त्या राज्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे आजही तंजावर-कुंभकोणमच्या आसपास नांदत आहेत. घरात मराठी, बाजारात तमिळ, आणि मराठीत चार ओळी लिहिण्याचा प्रसंग आलाच तर पुष्कळदा तमिळ लिपी, असा त्यांचा व्यवहार असतो.

अशाच एका घरातील निवृत्त शाळामास्तरांची कल्पना करावी. त्यांच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. तीत मोडी लिपीतील काही पत्रे, चार पिढ्यांची वंशावळ आणि आजीने सांगितलेल्या पाककृतींची एक वही आहे. मोडी वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. त्यातच पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, जुनेपुराणे जाळून टाकण्याची त्या प्रांताची रीत. एखाद्या वर्षी घरातील कोणी उत्साही तरुण ती ट्रंकच अग्नीला अर्पण करील, ही धास्ती मास्तरांना आहे. म्हणून या कागदांचे एक साधेसे संकेतस्थळ करावे असे त्यांच्या मनात येते. चेन्नईला नोकरी करणारा पुतण्या तत्काळ विचारतो, “काका, सर्व्हरवर भाषा कोणती वापरायची? पीएचपी, पायथन, रूबी, की जावास्क्रिप्ट?” मास्तरांना वाटत होते की भाषा मराठी!

पुतण्याच्या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सर्व्हर म्हणजे कोठेतरी अहोरात्र चालू असलेला संगणक. वाचकाने पान मागितले की तो ते पाठवितो. पान आधीच लिहून ठेवलेले असेल तर सर्व्हरला ते उचलून देण्यापलीकडे काम नसते. पण मागणी आल्यावर पान तेथल्या तेथे तयार करावयाचे असेल, म्हणजे वाचकाने टाइप केलेले नाव वंशावळीत शोधावयाचे किंवा त्याने पाठविलेली दुरुस्ती टिपून घ्यावयाची असेल, तर तेथे एखादा कार्यक्रम चालला पाहिजे. तो कार्यक्रम कोणत्या भाषेत लिहावा, हा पुतण्याचा प्रश्न.

चोळ देशातील मंदिरांच्या भिंती यासंबंधी फार बोलक्या आहेत. त्या भिंतींवर नंदादीपांची दाने कोरलेली आढळतात. एका अखंड दिव्याच्या तुपासाठी बहुधा ९६ मेंढ्या दिल्या जात, आणि शिलालेखात त्यांचे वर्णन ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे येई. मेंढ्या अर्थातच मरत आणि म्हाताऱ्याही होत. त्यांच्या जागी नव्या भरून संख्या कायम राखण्याची जबाबदारी सांभाळणाऱ्यावर असे. ही व्यवस्था जेथे मोडली तेथे दिवा विझला. त्याचे दानपत्र मात्र दगडावर आजही वाचता येते. तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी इतिहास असाच उभा आहे.

आधी लिहून ठेवलेले पान हे शिलालेखासारखे होय, आणि सर्व्हरवर चालणारा कार्यक्रम हा नंदादीप. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत जगातील जे पहिले संकेतस्थळ उभारले, त्याची १९९२ मधील प्रत २०१३ साली पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवण्यात आली. ती आजच्या ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडते. कार्यक्रमांची कथा निराळी. पायथनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी तिच्या कर्त्यांनी अधिकृतपणे निवृत्त केली. पीएचपीची सातवी आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली, तेव्हा माहितीकोशाशी बोलण्याची जुनी आज्ञावली तीतून काढून टाकण्यात आली होती. त्या आज्ञांवर विसंबलेली घरगुती संकेतस्थळे सर्व्हरवर नवी आवृत्ती चढताच बंद पडली. कोणी काही मोडले नव्हते. मेंढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, एवढेच.

तेव्हा भाषेची निवड करण्यापूर्वी मास्तरांनी स्वतःला विचारावयाचे ते हे की, या ट्रंकेतील किती गोष्टींना दिवा हवा आणि किती गोष्टी दगडावर कोरून भागतील? पत्रांची छायाचित्रे, त्यांचे देवनागरी लिप्यंतर, शेजारी तमिळ अर्थ, पाककृती, वंशावळीचा तक्ता, यांतील एकही वस्तू वाचकागणिक बदलत नाही. ही सारी साधी एचटीएमएल पाने होऊ शकतात. पानांची संख्या वाढून तीच तीच डोकी आणि तळटिपा जोडण्याचा कंटाळा येऊ लागला, तर त्यासाठीही उपाय आहे. २००८ साली आलेल्या जेकिलसारखे कार्यक्रम घरच्याच संगणकावर एकदा चालतात आणि तयार पाने हाती देतात. छिन्नी कारागिराच्या घरीच राहते. देवळात फक्त कोरलेला दगड जातो.

एक गरज मात्र उरते. वंशावळ कधी पुरी नसते. पुण्यात, बडोद्यात किंवा अमेरिकेत असलेल्या एखाद्या आप्ताला ‘आमच्या पणजीचे नाव चुकले आहे’ असे कळवावेसे वाटेल. त्यासाठी एक छोटा नमुना-अर्ज हवा, आणि त्या अर्जामागे सर्व्हरवर एक छोटा कार्यक्रम. येथे पुतण्याचा प्रश्न खरा होतो.

१९९३ च्या सुमारास अशा कामाची सोय प्रथम झाली, तेव्हा लॅरी वॉल यांची १९८७ मधील पर्ल ही भाषा सर्वांच्या हाताशी होती. तिच्यात लिहिलेले टपालाचे आयते कार्यक्रम लोकांनी बिनदिक्कत उतरवून घेतले, आणि भुरट्यांनी त्याच दारातून जगभर जाहिरातींची पत्रे धाडली. अर्ज कितीही लहान असो, तो रस्त्यावर उघडणारा दरवाजा आहे, हे तेव्हापासून ठाऊक झाले. पीएचपीचा जन्म तर मास्तरांच्याच गरजेतून झाला म्हणावयास हरकत नाही. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळासाठी, आपला परिचय कोण वाचून जातो हे कळावे म्हणून, काही हत्यारे घडविली आणि १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. नावाचा मूळ अर्थही ‘वैयक्तिक मुखपृष्ठ’ असाच होता. पुढे भाषा मोठी झाल्यावर त्याच अक्षरांचा नवा विस्तार करण्यात आला, आणि त्या विस्तारातही पहिला शब्द पुन्हा पीएचपी हाच ठेवला. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांना त्यात नवल वाटू नये.

पायथन ही अधिक नीटस भाषा आहे, यात संशय नाही. पण अल्प भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर पायथनचा कार्यक्रम कायम जागता ठेवण्यासाठी बहुधा वेगळी व्यवस्था करावी लागते. पीएचपीची फाइल नुसती तेथे नेऊन ठेवली की काम सुरू. ती मागणी आली की जागी होते, उत्तर देते आणि संपते. एका फाइलीत चूक झाली तरी शेजारची साधी पाने पडत नाहीत. रूबी आणि सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट गुणी खऱ्या, परंतु एका अर्जासाठी त्यांचा संसार थाटणे म्हणजे दोन माणसांच्या कॉफीसाठी लग्नाचा आचारी बोलावणे होय.

पीएचपीच्या एका खोडीबद्दल मात्र मास्तरांसारख्यांनी सावध असावे. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या युनिकोड संकेतात काने-वेलांट्या धरून तो पाच खुणांचा होतो, आणि साठवणुकीच्या रूढ पद्धतीत प्रत्येक खूण तीन बाइट घेते. लांबी विचारली असता पीएचपीची साधी आज्ञा पंधरा सांगते, बहुबाइटी लिप्यांसाठी असलेली आज्ञा पाच सांगते, आणि पायथनची तिसरी आवृत्तीही पाच सांगते. तीन कोणीच सांगत नाही! साध्या आज्ञेने मजकूर छाटला तर अक्षर मधोमध कापले जाऊन त्याच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. तमिळ अक्षरांचीही हीच गत. आजेसासूबाईंचे नाव असे दुभंगलेले पाहणे कोणालाच रुचणार नाही.

शेवटी भाषेपेक्षा सांभाळणारा कोण, यावर बरेच अवलंबून आहे. पुतण्या उद्या परदेशी जाईल. मग गावात कोण? तमिळनाडूच्या २०१९ मधील बारावीच्या नव्या पाठ्यपुस्तकांत संगणकशास्त्रात पायथन आणि संगणक-उपयोजनात पीएचपी शिकविलेली आहे. म्हणजे दोहोंपैकी कोणतीही निवडली तरी शेजारचे एखादे मूल ती फाइल उघडून वाचू शकेल, मात्र ती तीस-चाळीस ओळींची असावी आणि प्रत्येक ओळ काय करते हे तमिळमध्ये व मराठीत वर लिहून ठेवलेले असावे.

मास्तरांसाठी सल्ला द्यावयाचा तर असा: साधी पाने, त्यांच्यासोबत पीएचपीची एकच फाइल, आणि माहितीकोश मुळीच नको. आलेली दुरुस्ती त्या फाइलीने मास्तरांना टपालाने कळवावी. ती तपासून वंशावळीत हाताने घालण्याचे काम मास्तरांचे. सगळ्या पानांची एक प्रत घरी, एक पुतण्याकडे आणि एक आणखी कोणा आप्ताकडे असावी. भोगीच्या दिवशी ट्रंकेकडे कोणी वळण्यापूर्वी मास्तरांनी संगणकापाशी बसावे, सर्व्हरवर पीएचपीची कोणती आवृत्ती आली आहे ते पाहावे आणि अर्जातून स्वतःलाच एक पत्र पाठवावे. पत्र आले तर ठीक. नाही आले आणि दुरुस्त करणारेही कोणी नसले, तर ती एक फाइल पुसून टाकावी आणि अर्जाच्या जागी घरचा टपालाचा पत्ता लिहावा.