दुकानात सोपविलेली वस्तू : ग्राहकाचा हक्क आणि कर्तव्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत अशा रसाळ विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पाठोपाठ 'दुकानदाराने आपली मौल्यवान वस्तू हरविली तर काय करावे' हा विषय काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तरीही आम्ही तो हेतुपुरस्सर निवडला. मंडळाच्या हळदीकुंकवात, गणेशोत्सवातील चहापानात, अशा हरवलेल्या वस्तूंच्या कहाण्या आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींचा शेवट 'जाऊ द्या, परमुलखात कोण भांडत बसणार!' या एकाच वाक्याने होतो. हे वाक्य आपण बोलणे सोडावे, एवढ्यासाठीच आजचे हे निरूपण आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. येवल्याची पैठणी, आजीची मोत्यांची नथ, मिरजेत घडलेला तंबोरा या वस्तू आपल्यापाशी मोजक्याच असतात आणि येथे त्यांना पर्याय मिळत नाही. त्यांची निगा राखण्यासाठी मात्र येथल्याच कारागिराकडे जावे लागते. मंगळसूत्र गाठवायला गावाकडे पटवेकरी असे; येथे आपण सराफाच्या ओळखीच्या कोणा पटव्याकडे जातो. वस्तूचे नाव त्याला ठाऊक नसते, आपले आडनाव त्याला नीट लिहिता येत नाही, आणि पावतीवर 'एक साडी' किंवा 'एक नग' एवढेच उमटते. वस्तू हरवली म्हणजे मग त्या 'एक नग' या दोन शब्दांवर आपला सगळा दावा उभा करावा लागतो.

पहिली गोष्ट मनात पक्की धरावयाची ती ही की, दुकानात सोपविलेली वस्तू दुकानदाराची होत नाही. ती आपलीच राहते. त्याच्याकडे केवळ तिचा ताबा जातो, आणि ताब्याबरोबर जबाबदारीही जाते. हा विचार आपल्याकडे नवा नाही. मनुस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानानंतर दुसरेच पद निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचे आहे. याज्ञवल्क्याने तर धोब्याचाही विचार केला आहे. दुसऱ्याचे धुवायला आलेले वस्त्र त्याने स्वतः नेसल्यास तीन पण दंड. ते विकल्यास, भाड्याने दिल्यास, गहाण टाकल्यास किंवा कोणाला वापरायला दिल्यास दहा पण दंड. त्याहून लक्षणीय आहे तो नारदाने दिलेला हिशेब. एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत अष्टमांशाने कमी धरावी, दोनदा धुतलेल्याची चतुर्थांशाने, तीनदा धुतलेल्याची तृतीयांशाने आणि चार वेळा धुतलेल्याची निम्म्याने. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत हा हिशेब उद्धृत केला आहे. भरपाई धुलाईच्या मजुरीवरून मोजावयाची नसून वस्त्राच्या किमतीवरून मोजावयाची, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

आजचा कायदा याच वाटेने जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १४८ मध्ये 'बेलमेंट' या नावाने या व्यवहाराची व्याख्या दिली आहे. एखाद्या कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करावयाची आणि काम झाल्यावर त्याने ती परत करावयाची, हे तिचे सार आहे. कलम १५१ सांगते की, सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच परिस्थितीत तेवढ्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ताबेदाराने घेतली पाहिजे. तितकी काळजी घेऊनही वस्तू गेली तर, वेगळा करार नसल्यास, तो जबाबदार नाही, हे कलम १५२ सांगते. कायदा दुकानदारावरही अन्याय करीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. मात्र काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार त्याच्यावर असतो. त्याच्या दुकानाच्या आत काय घडले हे ग्राहकाला कसे ठाऊक असणार?

कायद्याची ही कलमे प्रत्यक्षात कशी लागू पडतात, याची तीन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाच्या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयाचे. एका बाईने जुने दागिने मोडून नवे घडविण्यास सोनाराकडे दिले. रोज संध्याकाळी ती अर्धवट घडलेले दागिने परत घेई, सोनाराच्याच खोलीतील एका पेटीत ठेवी आणि किल्ली आपल्याजवळ बाळगी. एका रात्री दागिने नाहीसे झाले. न्यायालयाने सोनाराला जबाबदार धरले नाही, कारण संध्याकाळी ताबा पुन्हा बाईकडेच आला होता. वस्तू 'दुकानात होती' एवढे पुरत नाही. ती दुकानदाराच्या ताब्यात होती हे दिसले पाहिजे.

दुसरे उदाहरण त्याच न्यायालयाचे, १९६६ साली विधिनिर्णयांत प्रसिद्ध झालेले. धुलाईच्या दुकानाने ग्राहकाची नवी साडी हरविली आणि पावतीच्या मागच्या अटीकडे बोट दाखविले. वस्त्र हरवल्यास बाजारभावाच्या पंधरा टक्केच रक्कम मिळेल, अशी ती अट होती. अशी अट मान्य केली तर दुकानदाराला नवे वस्त्र पंधरा टक्के किमतीत गिळंकृत करण्याची मुभाच मिळेल, म्हणून लोकहिताच्या दृष्टीने न्यायालयाने ती अग्राह्य ठरविली.

तिसरे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचे, २०१९ सालचे. दिल्लीतील एका हॉटेलच्या सेवकाच्या हाती किल्ली देऊन उभी करविलेली मोटार १९९८ साली चोरीला गेली होती. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असा मजकूर पावतीवर होता. स्वतःच्या हलगर्जीपणावर या मजकुराचे पांघरूण घालता येणार नाही आणि आपला हलगर्जीपणा नव्हता हे दाखविण्याचा भार हॉटेलवरच आहे, असे न्यायालयाने सांगितले.

तेव्हा 'मागे छापले आहे ना साहेब!' या उत्तराने कोणी दबून जाण्याचे कारण नाही. छापलेली प्रत्येक अट निरर्थक असते असे मात्र नव्हे. काम झाल्याची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला कलम १७० नेच दिला आहे.

आता करावे काय? २००९ साली आमची बदली कानपूरला झालेली असताना आमच्या घरची पैठणी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून नाहीशी झाली. पंधरा दिवस 'कल आइए' ऐकल्यावर दुकानदाराने मजुरीच्या दहापट, म्हणजे दोन हजार रुपये, पुढे केले. आम्ही पैसे घेतले नाहीत आणि आवाजही चढविला नाही. ज्या दिवशी आमच्या साडीची धुलाई झाली, त्या दिवशीची नोंदवही दाखवावी आणि त्या दिवशी गठ्ठे नेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दूरध्वनी करावा, एवढीच मागणी लेखी दिली. तो नाखूश होता. पण लेखी कागद पाहिल्यावर कामाला लागला. चौथ्या दिवशी पैठणी सापडली. कपड्याला टाचलेल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन ती दुसऱ्या गठ्ठ्यात गेली होती, आणि ते कुटुंब लग्नासाठी गावी गेल्याने गठ्ठा तसाच बांधलेला होता. दोन हजार रुपये घेऊन आम्ही पावतीवर सही केली असती, तर तो गठ्ठा कोणी शोधला असता?

या अनुभवातून आणि कायद्यातून निघणारा क्रम असा.

प्रथम शोध, मग पैसा. वस्तू नाही असे कळताच त्याच दिवशी दुकानाच्या मालकाला भेटावे. नोकराशी वाद घालू नये. नोंदवही, चिठ्ठीचा क्रमांक, काम बाहेरच्या कारागिराकडे पाठविले असल्यास त्याचे नाव, हे सारे विचारून टिपून घ्यावे. दुकानात छायाचित्रण-यंत्र असेल तर त्या दिवसाचे चित्रण पुसू नये, अशी लेखी विनंती करावी.

दुसरे, मूळ पावती कधीही परत देऊ नये. 'शोधायला लागेल' म्हणून ती मागितली जाते, छायाप्रत द्यावी. अंशतः रक्कम घेण्याची वेळ आलीच तर 'उर्वरित हक्क राखून' असे लिहूनच सही करावी.

तिसरे, लेखी मागणी. वस्तूचे वर्णन, दिल्याची तारीख, पावती-क्रमांक, किंमत आणि पंधरा दिवसांची मुदत एवढा मजकूर पोचपावतीच्या टपालाने पाठवावा. किमतीचा आधार म्हणून खरेदीचे बिल, ते नसल्यास छायाचित्र आणि जाणकार सराफाचा किंवा व्यापाऱ्याचा लेखी अंदाज जोडावा.

चौथे, ग्राहक आयोग. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आहे. तो जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यातील एक तरतूद आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांना वरदान आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. वस्तू हरवली एका शहरात आणि बदली झाली दुसऱ्या शहरात, तरी दर तारखेला जुन्या गावी हेलपाटा घालणे नको. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, तेवढा धीर मात्र धरावा लागतो. त्याआधी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे गाऱ्हाणे नोंदवावे. तेथे मराठीतूनही बोलता येते, हे घरातील वडीलधाऱ्या मंडळींना अवश्य सांगावे.

पाचवे, पोलीस. निष्काळजीपणाने वस्तू हरवणे हा विश्वासघाताचा गुन्हा नव्हे. त्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो. दुकानदाराने वस्तू विकली, गहाण टाकली, किंवा पावती असूनही 'दिलीच नव्हती' असे म्हटले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फिर्याद देता येते. रागाच्या भरात हे शस्त्र उगारू नये.

आता हरवण्यापूर्वीचे कर्तव्य, आणि ते आपले आहे. दागिना देताना काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून घ्यावे, मोती आणि खडे मोजून आकडा टाकावा, आणि हॉलमार्कचा सहा अक्षरांकांचा एचयूआयडी असल्यास तोही नोंदवावा. जुन्या दागिन्यावर तो नसतो. म्हणून छायाचित्र हवेच. 'एक साडी' ऐवजी 'जांभळी रेशमी पैठणी, मोराचा पदर, अंदाजे किंमत इतकी' असे लिहून घ्यावे. दुकानदाराला मोल सांगितले की काळजीची पातळीही वाढते, कारण कलम १५१ काळजीचे माप वस्तूच्या मोलावरून धरते. पावतीवर आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, हे पाहावे. पावती न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ती मागण्यात संकोच कसला? आणि बदलीचा हुकूम हाती पडताच दुकानांतून द्यायच्या-घ्यायच्या वस्तूंची यादी करावी.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कायदा किंमत देईल, मनस्तापाबद्दलही काही रक्कम देईल. आजीची नथ तो देणार नाही. म्हणूनच आमचा भर भरपाईपेक्षा लेखी नोंदीवर आणि तत्काळ शोधावर आहे. जी वस्तू गेल्यास कोणत्याही रकमेने समाधान होणार नाही, ती शक्यतो आपल्या डोळ्यांसमोर दुरुस्त करून घ्यावी. नाहीतर सुटीत गावी नेऊन ओळखीच्या कारागिराकडे द्यावी.

शेवटी मंडळाला एक सूचना. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनी नव्याने येणाऱ्या कुटुंबाला घर आणि शाळा शोधून देण्याचे काम आवडीने केले, असे आम्ही जुन्या सभासदांकडून ऐकले आहे. त्याच परंपरेत दोन गोष्टींची भर घालता येईल. सभासदांच्या अनुभवास उतरलेल्या सराफ, पटवे, रफूगार, वाद्यदुरुस्ती करणारे यांची यादी मंडळाच्या कचेरीत असावी. आणि कोणाची वस्तू हरवली तर स्थानिक भाषा उत्तम जाणणारा एक सभासद त्यांच्यासोबत दुकानात जावा. भांडायला नव्हे, तर बोलणे नीट पोचावे म्हणून. एकट्या बाईने विचारलेला प्रश्न टाळला जातो. तोच दोघांनी शांतपणे, कागद हाती घेऊन विचारला की नोंदवही उघडते.

येथील व्यापारीवर्गाने आपल्याला अनेक वर्षे उधारीवर किराणा दिला आहे, अडीअडचणीला मदत केली आहे, हे आपण विसरत नाही. त्यांच्याविषयी संशय निर्माण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. स्पष्ट पावतीने प्रामाणिक दुकानदाराचेही रक्षण होते. आपण या शहराचे पाहुणे नसून नागरिक आहोत, आणि नागरिकाने आपली वस्तू परत मागण्यात उद्धटपणा नाही, एवढे आजच्या बोलण्यातून आपल्या मनात राहिले तरी आम्हांला समाधान आहे.