गाडी विकली, नाव कुणाचं?
(असोदा येथील बैठकीतील भाषण)



कापसाचा पैसा हातात आला की गावोगाव जुन्या गाड्यांची उलाढाल सुरू होते. सौदा टपरीवर ठरतो, नोटा मोजल्या जातात आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून आपण मोकळे होतो. मोकळे होत नाही, हेच मला सांगायचं आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, तो फॉर्म २९. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं, तो फॉर्म ३०. गिऱ्हाईक बऱ्हाणपूर-सेंधव्याचं असेल तर आधी आपल्या आरटीओची ना-हरकत लागते. दलाल म्हणतो, 'दादा, मी करतो सगळं.' पुढचं गिऱ्हाईक सापडेपर्यंत नाव तुमचंच राहिलं तर त्याचा खर्च वाचतो, मग तो कशाला करेल?

पुढे गाडी चार हात फिरते, विमा संपतो आणि अपघात होतो. भरपाई कुणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सांगितलं: नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यातली गाडी २००७ साली विकली होती, अपघात २००९ चा. मधल्या काळात ती अनेकांकडे गेली, तरी जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच आली. कलम १७४ प्रमाणे अशी रक्कम कलेक्टर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. म्हणजे गाडीपायी सातबारा अडकतो.

आता कर. शेतकरी कर भरत नाही असं शहरात म्हणतात. ट्रॅक्टरवर १२ टक्के जीएसटी आपणच भरत होतो, आणि व्यापाऱ्यासारखी त्याची वजावटही आपल्याला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. बिलावर दर वाचून घ्या. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला जुनी गाडी विकली तर जीएसटी नाहीच.

नव्या ट्रॅक्टरमध्ये दोष निघाला आणि डीलर दाद देत नसेल, तर दोन वर्षांच्या आत जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. 'ट्रॅक्टर धंद्याचा, तुम्ही ग्राहक नाही' असं समोरचा वकील म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू धंद्याची धरायची नाही, हे २०१९ च्या कायद्यातच लिहिलं आहे. शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला मात्र हे दार उघडत नाही. तिथं पैसे देण्याआधी मिस्त्रीला सोबत न्या.

ज्यांनी मागच्या दोन-चार वर्षांत गाड्या विकल्या, त्यांनी आज घरी गेल्यावर पोराला मोबाईलवर नंबर टाकून बघायला सांगा. नाव अजून तुमचंच दिसलं, तर विक्रीचा कागद घेऊन सोमवारी आरटीओ गाठा.