ठेवीदाराचा रखवालदार



रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरावर कामगार चळवळीतला माणूस काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल तर ते साहजिक आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. परंतु बँक चालते ती ठेवीदाराच्या पैशावर, आणि त्या ठेवीदारांत आमचा पगारदार माणूस पुष्कळ. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

एच. व्ही. आर. अय्यंगार हे आय. सी. एस. अधिकारी. घटना परिषदेचे सचिव, पंडित नेहरूंचे मुख्य खाजगी सचिव, गृहसचिव, स्टेट बँकेचे अध्यक्ष अशा पायऱ्या चढत ते १९५७ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. १९५८ साली मुंदडा प्रकरणात छागला आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. त्या प्रकरणात अर्थमंत्र्यांना जावे लागले. मला बोलायचे आहे ते १९६० सालाविषयी.

त्या वर्षी आधी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. मग ८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने केरळ उच्च न्यायालयात जाऊन पलाई सेंट्रल बँक गुंडाळण्याचा अर्ज केला. केरळातली ही मोठी बँक, शेड्यूल्ड बँकांच्या यादीतली. यादीत नाव म्हणजे सरकारी शिक्काच, असे सामान्य माणूस समजत होता. तिचा कारभार ठीक नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या तपासनीसांना कित्येक वर्षे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त ठेवीदाराला! तपासणीचे अहवाल गुप्त. अय्यंगारांची बाजू अशी की, दोष चारचौघांत सांगितला तर चांगली बँकही एका दिवसात कोसळते. यात तथ्य आहे. पण या गुप्ततेची किंमत कोणी मोजली? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बहुमताने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य केला. कायदा शाबूत राहिला, एवढेच.

आता त्यांच्या पदरात जे घालायला हवे ते घालतो. ठेवींच्या विम्याची शिफारस श्रॉफ समितीने १९५४ सालीच केली होती. ती पडून राहिली. पलाईचा हंबरडा कानी पडल्यावर हालचाल झाली, १९६१ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झाले. विमा दीड हजार रुपयांचा. हप्ता बँकेने भरायचा, शंभर रुपयांमागे वर्षाला पाच पैसे. पाच पैशांत गरिबाची झोप विकत मिळाली म्हणा ना! अय्यंगार फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले, म्हणजे जाता जाता हे काम झाले. सहकारी बँका मात्र या छत्राखाली १९७१ पासून आल्या.

पण त्याच ऑगस्ट १९६० च्या अखेरीस बँकिंग कायद्यात ३४-अ हे कलम घातले गेले. बँक कर्मचाऱ्यांचा पगाराचा तंटा तेव्हा राष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे होता. बँकांचा गुप्त राखीव निधी किती, हे कामगारांनी विचारायचे नाही. तो हिशेबात धरावा की नाही, हे रिझर्व्ह बँक सांगेल आणि तिचा शब्द अखेरचा! कर्मचारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, १९६१ साली हरली. एका महिन्यात गुप्ततेने ठेवीदाराला बुडवलेले पाहायचे आणि त्याच महिन्यात कामगारापासून वही झाकायची, हा न्याय मला आजवर पटलेला नाही. त्यांची नियत साफ असेल. पण वही झाकली की फायदा कोणाचा होतो, हे वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्याला विचारा.

पुढे अय्यंगार मद्रासच्या पॅरी कंपनीचे अध्यक्ष झाले. ज्या कंपनीचे नाव तिथल्या पॅरीज कॉर्नर या चौकाला पडले, तीच ही. रखवालदार म्हाताऱ्या पेढीचा कारभारी झाला. वृत्तपत्रांत लिहीतही असत, आणि लिहिणे मोकळे असे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सभासदांचे पैसे एका सहकारी बँकेत अडकले. बंद दारासमोर बायामाणसे पासबुके घेऊन उभी. त्यांना मी कलमे काय सांगणार? त्यांचा सवाल साधा होता: किती मिळणार? १९९३ पासून मर्यादा एक लाख होती, २०२० साली ती पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर निर्बंध आल्यास ही रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. मात्र हे पाच लाख प्रत्येक शाखेला नव्हेत. एका बँकेतल्या साऱ्या शाखांतली आपली ठेव, मुद्दल आणि व्याज मिळून, एकच पाच लाख. हे घरी जाऊन मंडळींना जरूर सांगा. बँकेच्या खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही.