नकाशा आणि उपग्रहचित्र एकाच फाइलमध्ये

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाच्या संगणकीय नकाशात उपग्रहचित्र हे द्विमान, म्हणजे शून्य व एक या अंकांत नोंदलेल्या रंगबिंदूंच्या रूपात असते, तर कालवे आणि गावांच्या शिवा या सदिश, म्हणजे सहनिर्देशकांनी आखलेल्या रेषा असतात. २००१ साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या मजकुराधारित स्वरूपात चित्र सामावण्यासाठी त्याच्या दर तीन बाइटांची चार अक्षरे करावी लागतात व ते सुमारे एक तृतीयांशाने फुगते. नुसता दुवा दिल्यास फाइल अन्यत्र नेताच चित्र हरवते. २०१४ सालचे जिओपॅकेज हे नकाशांचे स्वरूप अधिक सोयीचे, कारण त्याच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये चित्राचे तुकडे मूळ द्विमान रूपातच, रेषांशेजारच्या तक्त्यात राहतात.