घोडीची वंशावळ आणि मोतद्दार



खिलार खोंड घेताना आपण विचारतो, याची माय कोण? शर्यतीच्या घोड्यांतही तीच चाल आहे. त्यांच्या आईबापांची नोंदवही इंग्लंडात १७९१ पासून छापली जाते.

१९४३ साली मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली. दीड मैलाची ही शर्यत ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या तरुण घोडीने मारली. मालक बडोद्याचे महाराज, स्वार ऑस्ट्रेलियाचे एडगर ब्रिट. ही नावे इतिहासात राहिली.

असली शर्यत तीन मिनिटांच्या आत संपते. मागे मात्र वर्षांची मेहनत असते. घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू जपावे लागते. पुढे रोज पहाटे खरारा, दाणावैरण, पायांची निगा. हे सारे मोतद्दार करतो.

शर्यती संपल्या की चांगली घोडी पैदाशीला ठेवतात. आई म्हणून तिचे नाव वहीत पिढ्यान्‌पिढ्या चालते. मोतद्दार थकला की त्याचे नाव कोणत्या वहीत?

मी युनियनच्या सभासदांच्या वह्या लिहीत आलो. एवढेच शिकलो की, नाव लिहिले गेले तरच माणूस हक्क मागू शकतो. घोडीचा मान तिला मिळू द्या. पण मोतद्दाराचेही नाव लिहा.