रणगाडा का सोडला नाही?



आरे कॉलनीतल्या एका शाळेत परवा व्याख्यानाला जाण्याचा योग आला. एका अंगाला म्हशींचे गोठे, दुसऱ्या अंगाला झाडी, अन् मध्ये ती शाळा. मी मुलांना सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची हकिगत सांगितली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, रणगाडा पेटल्यावर ते खाली का उतरले नाहीत?"

प्रश्न साधा, पण एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून आज ती हकिगत आपल्यापुढे, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींपुढे मांडतो.

अरुण यांचा जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950 चा. वडील सैन्यात अधिकारी. खडकवासला आणि डेहराडून येथे शिकून 13 जून 1971 रोजी ते 'पूना हॉर्स' या जुन्या रिसाल्यात अधिकारी झाले. तेव्हाच्या अहमदनगरला रणगाड्यांचे पुढचे शिक्षण चालू होते, इतक्यात युद्धाचे ढग जमले अन् परतण्याचा हुकूम आला. वाटेत दिल्लीला घरी थांबले, तेव्हा त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्याही घेतल्या. लाहोरला खेळेन म्हणाले, असे सांगतात. वयच तसे होते.

16 डिसेंबरला शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडे मोठी लढाई झाली. सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढून आपले रणगाडे पलीकडे पोचले होते. ती जागा परत घेण्यासाठी शत्रूचे रणगाडे जरपाल गावाजवळ चालून आले. संख्येने आपण थोडे होतो. मदतीची हाक येताच अरुण धावले. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे बरबाद झाले. त्यांतले चार एकट्या अरुण यांनी टिपले. मग त्यांचाही रणगाडा पेटला. बिनतारी यंत्रावर हुकूम आला, रणगाडा सोडा. तोफ अजून चालते आहे, मी सोडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

का, ते शेतकरी बांधवांना सांगायला नको. पावसात बांधाला भगदाड पडते तेव्हा तिथे उभा असलेला गडी हलला, तर पाणी साऱ्या शिवारात शिरते. अरुण त्या भगदाडावर उभे होते. शत्रूचा शेवटचा रणगाडा त्यांनी जेमतेम शंभर मीटरवर रोखला. मग दुसरा गोळा आला आणि ते पडले. नोकरी सहा महिने तीन दिवसांची, वय एकवीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युद्ध थांबले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खडकवासल्याच्या संचलन मैदानाला आज त्यांचे नाव आहे.

पण हकिगत इथे संपवू नये. 2001 साली त्यांचे वृद्ध वडील आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी मोठ्या अदबीने तीन दिवस पाहुणचार केला आणि निघण्याच्या आधी सांगितले की, आपला मुलगा माझ्याच हातून पडला. तो फार शूर होता. तीस वर्षे मनात ठेवलेले ते ओझे होते. वडिलांनी ते ऐकून घेतले.

गुरुजनहो, वर्गात अरुण यांचे शौर्य जरूर सांगा. त्याबरोबर त्या घरातल्या या दोन म्हाताऱ्यांविषयीही सांगा. त्या मुलाला मी पहिला भाग सांगितला होता, दुसरा राहिला. पुन्हा आरेला जाईन तेव्हा तो सांगणार आहे.