आधी लाइन, मग स्टेशन, मग घर



परदेशात गेल्यावर राहायचं कुठं, ऑफिसच्या जाण्यायेण्याचा हिशेब कसा मांडायचा, असा विषय आकाशवाणीनं मला दिला. परदेश फार मोठा आहे आणि मला मिळालेली मिनिटं मोजकी. म्हणून मी एकाच शहराबद्दल बोलणार आहे, टोकियोबद्दल. तिथं मी नोकरीनिमित्त राहिले आणि पुढं इंजिनिअरिंग कॉलेजात वाहतूक नियोजन शिकवताना टोकियोची उदाहरणं देऊन देऊन मुलांना वैताग आणला. पुण्यात जपानी शिकायचं आणि टोकियोत नोकरी धरायची, हे तर आता आपल्या ओळखीपाळखीच्या घरांतून चालूच आहे. अशा मुलामुलींचे आईवडील भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ऑफिसपासून घर किती किलोमीटरवर घ्यावं?"

किलोमीटर सोडून द्या. टोकियोत विचारायचं ते असं: ऑफिस कुठल्या लाइनवर आहे? आणि त्याच लाइनवर, गाडी न बदलता, कुठं राहता येईल? आधी लाइन, मग स्टेशन, मग घर. वर्गात हे मी तीनदा सांगायची, इथं दोनदा सांगते. आधी लाइन, मग स्टेशन, आणि घर सगळ्यांत शेवटी.

कारण टोकियोत वेळ जातो तो गाडीत कमी आणि गाडी बदलण्यात जास्त. नकाशावर स्टेशन म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्यात चार-पाच लाइनी एकत्र आलेल्या दिसतात आणि आपल्याला वाटतं, या फलाटावर उतरायचं, त्या फलाटावर चढायचं. टोकियो स्टेशनच घ्या. समुद्राच्या कडेनं येणारी केइयो लाइन याच स्टेशनात संपते, पण तिचे फलाट मुख्य स्टेशनापासून शेकडो मीटर लांब आणि जमिनीखाली खोल आहेत. सरकते जिने, सरकते पट्टे, पुन्हा जिने. नवखा माणूस पंधरा मिनिटं चालतच असतो आणि पाटी मात्र सांगते की आपण अजून टोकियो स्टेशनातच आहोत! शिन्जुकूचं काय सांगावं. सगळ्या लाइनी मिळून दिवसाला तीस लाखांहून जास्त माणसांची ये-जा असलेलं, जगातलं सगळ्यांत गर्दीचं स्टेशन ते. तिथं रोज सकाळी गाडी बदलायची म्हणजे माणसांच्या तीन-चार प्रवाहांना आडवं जायचं. माझा साधा आडाखा आहे. एका बदलाला दहा मिनिटं धरा. आणि दोन बदल करावे लागणारं घर कितीही देखणं असलं तरी नाही म्हणा.

उलट काही गाड्या तुमच्यासाठी बदल वाचवतात. तोझाई लाइन ही मेट्रोची लाइन, आकाशी रंगाची. नाकानोपासून निशि-फुनाबाशीपर्यंत, ३०.८ किलोमीटर, २३ स्टेशनं. (बघा, मीच किलोमीटर सांगितले.) पण तिच्या काही गाड्या नाकानोला थांबून राहत नाहीत. त्या रेल्वेच्या चुओ लाइनच्या रुळांवर चढतात आणि पुढं मिताकापर्यंत जातात. कंपनी बदलली, पण तुम्ही आपल्या जागेवर बसलेलेच. टोकियोत अशी जोडकामं जागोजाग आहेत. त्यामुळं घर शोधताना नुसता मेट्रोचा नकाशा पाहू नका, तुमच्या लाइनची गाडी शेवटी कुठं जाते ते पाहा.

आता तोझाई लाइनवर आलोच आहोत तर निशि-कसाईला उतरू. टोकियोत राहणारा मराठी माणूस निशि-कसाई ऐकून नसेल असं होणं कठीण. हे स्टेशन एदोगावा वॉर्डात आहे आणि टोकियोतली सगळ्यांत मोठी भारतीय वस्ती याच वॉर्डात आहे. ती तिथं झाली कशी? २००० सालच्या संगणक-घोळाच्या धास्तीनं जपानी कंपन्यांनी भारतातून इंजिनिअर बोलावले. त्यांची ऑफिसं ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागांत, आणि ही तिन्ही स्टेशनं तोझाई लाइनवर ओळीनं लागतात. मग त्याच लाइनवर पूर्वेला सरकत जायचं, नदी ओलांडायची, की भाडं उतरतं. जगमोहन चंद्रानी नावाचे चहाचे व्यापारी तिथं आधीपासून राहत होते. त्यांनी या मुलांना घरं मिळवून द्यायला आणि जेवणाची सोय करायला मदत केली. शिवाय तिथं सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारती होत्या, जिथं जामीनदार मागत नाहीत. पुढं दुकानं आली, शाळा आल्या. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. पण मुळाशी काय आहे? एक लाइन. गाडी न बदलता ऑफिस.

आणि इथं मला थोडं रागवायचं आहे. आपली मुलं विचारतात, भारतीय कुठं राहतात? निशि-कसाईला? मग आम्हीही तिकडंच. अरे, पण तुझं ऑफिस शिनागावाला! किंवा शिबुयाला! मग रोज तोझाई पकडायची, मध्ये उतरायचं, दुसरी लाइन धरायची. दुकान हाताशी हवं म्हणून असा फेरा घालणारी मुलं मी पाहिली आहेत. मेथी आणि तूरडाळ आठवड्यातून एकदा आणली तरी चालते, ऑफिसला पाच दिवस जावं लागतं. आयाही यात सामील असतात, हेही सांगून ठेवते. लहान मूल भारतीय शाळेत घालायचं असेल तर गोष्ट वेगळी. एकट्या जिवानं मात्र असं करू नये.

मुंबईकर श्रोत्यांना स्लो आणि फास्ट समजावून सांगायला नको. तोझाईलाही रॅपिड गाडी आहे. संध्याकाळी दमून ओतेमाचीला उभं राहावं, पहिली आली ती गाडी पकडावी, आणि ती नेमकी रॅपिड निघावी. तोयोचोनंतर ती थेट उरायासूला थांबते. निशि-कसाई खिडकीतून मागं जाताना दिसतं, कसाईही जातं, आणि नदी ओलांडून तुम्ही शेजारच्या चिबा प्रांतात उतरता. मग उलटी गाडी. म्हणून घर बघताना त्या स्टेशनावर कुठली गाडी थांबते हे विचारा, आणि तेही सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं विचारा. सकाळच्या गर्दीत याच लाइनच्या जलद गाड्या निशि-फुनाबाशी ते उरायासू प्रत्येक स्टेशनावर थांबतात.

गर्दीबद्दल. जपानचं वाहतूक मंत्रालय दरवर्षी गर्दीची टक्केवारी जाहीर करतं. शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा, नाहीतर धरायला कडी किंवा दांडा. दीडशे टक्के म्हणजे वर्तमानपत्र सहज उघडून वाचता येतं. एकशेऐंशीला घडी घालून. दोनशेला अंगं एकमेकांवर दाबली जातात, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. अडीचशेला हात हलत नाही. सरकारी टक्केवारी माणसाच्या हातातल्या वर्तमानपत्रानं मोजायची, हे मला अजूनही फार आवडतं. कोविडच्या आधी तोझाई लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळी १९९ टक्के गर्दी होती, टोकियोतली सगळ्यांत जास्त. कोविडच्या पहिल्या वर्षी ती १२३ पर्यंत उतरली, आणि तिथून पुन्हा चढली. डोंबिवलीकर म्हणतील, साप्ताहिक वाचता येतं? मग ही कसली गर्दी! त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

यावर टोकियोच्या माणसाचा तोडगा म्हणजे जिथून गाडी सुटते त्या स्टेशनाजवळ राहणं. घरांच्या जाहिरातीत हे मुद्दाम छापलेलं असतं. नाकानोला तोझाईच्या बऱ्याच गाड्या रिकाम्या लागतात. एक गाडी सोडायची, रांगेत पुढं यायचं, आणि बसून जायचं. एखाद-दोन स्टेशनं लांब राहिलं तरी बसून गेलेला अर्धा तास उभ्यानं गेलेल्या वीस मिनिटांपेक्षा बरा. हे माझं ठाम मत आहे, तरुण मुलांना ते पटत नाही.

आता स्टेशनापासून घर. इथं मात्र मी थोडी रेंगाळणार आहे.

टोकियोत घराच्या प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं, अमुक स्टेशनापासून चालत सात मिनिटं. चालत बारा मिनिटं. ही मिनिटं घरमालकाच्या मनची नसतात. घरांच्या जाहिरातींसाठी तिथं नियमावली आहे आणि तिच्यात ठरवून दिलंय: ८० मीटर म्हणजे एक मिनिट. अंतर मोजायचं ते रस्त्यानं, नकाशावर सरळ रेघ मारून नाही. आणि वर उरलेले मीटर सोडून द्यायचे नाहीत, त्यांचं पुढचं मिनिट धरायचं. म्हणजे ५६० मीटर असेल तर सात मिनिटं, आणि ५६१ मीटर असेल तर आठ. २०२२ सालापासून तर आणखी काटेकोर केलं. फ्लॅट असेल तर इमारतीच्या दारापासून मोजा. आवाराच्या फाटकापासून मोजून मिनिट वाचवायची सोय नाही. मोठी वसाहत असेल तर स्टेशनाला सगळ्यांत जवळच्या इमारतीचा वेळ सांगून भागत नाही, सगळ्यांत लांबच्या इमारतीचाही सांगावा लागतो.

मी हे वर्गात शिकवायची तेव्हा मुलांना सांगायची, आपल्या वर्तमानपत्रातल्या बांधकामाच्या जाहिराती काढा. स्टेशनपासून पाच मिनिटांवर. हायवेपासून हाकेच्या अंतरावर. पाच मिनिटं कशानं? कुणाच्या पायांनी? रात्री दोन वाजता, रिकाम्या रस्त्यावर, मोटारीनं? विचारायची सोय नाही, कारण त्या मिनिटाची लांबी कुणी ठरवलेलीच नाही. सगळं सोडा, एवढी एक गोष्ट जपानकडून घ्यायला आपली काय हरकत आहे? मिनिट ठरवून टाका. ऐंशी नको, सत्तर मीटर ठरवा, आपल्याकडं फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात. पण ठरवा. हे मी बरीच वर्षं सांगते आहे.

असो. टोकियोच्या त्या मिनिटालाही दोन भोकं आहेत, तेवढी मात्र ध्यानात ठेवा. सिग्नलला थांबण्याचा वेळ त्यात धरत नाहीत. आणि चढ धरत नाहीत. पश्चिम टोकियोत उतारावरची घरं बरीच आहेत. सात मिनिटं लिहिलेलं घर जाताना सात मिनिटांचं असतं आणि येताना, भाजीची पिशवी हातात असली, की अकराचं होतं. रेल्वेचं फाटक वाटेत असलं तर मोजूच नका. सकाळी गाड्या एकामागून एक येत असतात आणि फाटक उघडायचं नाव घेत नाही. म्हणून जाहिरात वाचून घर घेऊ नका. सही करण्याआधी कामाच्या दिवशी, सकाळी साडेसात-आठला, त्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत एकदा जाऊन बघा. रविवारी दुपारी एजंटाबरोबर गाडीतून पाहिलेलं घर म्हणजे न पाहिलेलं घर. जाऊन बघा. पुन्हा सांगते, सकाळी जाऊन बघा.

पैशांचं थोडक्यात. जपानात बऱ्याच कंपन्या घर ते ऑफिस पासाचे पैसे देतात आणि महिन्याला दीड लाख येनपर्यंतच्या त्या भत्त्यावर कर लागत नाही. त्यामुळं लांब राहिल्याचा भुर्दंड खिशाला बसत नाही, शरीराला बसतो. पासाचा एक फायदा असा की वाटेतल्या कुठल्याही स्टेशनावर उतरता-चढता येतं, वेगळे पैसे नाहीत. म्हणजे लाइन निवडताना शनिवार-रविवारचं फिरणंही निवडलं जातं. भाड्याखेरीज अनामत असते, एजंटाची दलाली असते, आणि काही ठिकाणी घरमालकाला द्यायची रक्कम असते, जी परत मिळत नाही. मघाशी म्हटलेल्या सरकारी इमारतींत ही रक्कम नाही, दलालीही नाही. त्यांच्या अटी मात्र आधी वाचा.

शेवटची गाडी. टोकियोत मध्यरात्रीच्या आसपास गाड्या बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. ऑफिसातल्या मंडळींबरोबर जेवायला बसलात आणि गाडी चुकली, तर टॅक्सी आहे, रात्रीच्या वाढीव दरानं. तुमच्या स्टेशनाची शेवटची गाडी ओतेमाचीहून किती वाजता सुटते, हे पाठ असू द्या.

मला हातानं खूण करतायत, वेळ होत आली. एक महत्त्वाची गोष्ट राहिली, ती खरं म्हणजे आधी सांगायला हवी होती, पण ऐंशी मीटरनं घोळ केला. लाइन जुळली, स्टेशन जुळलं, भाडं जुळलं, तरी पुराचा नकाशा पाहा. एदोगावा वॉर्डाची साधारण सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. २०१९ साली वॉर्डानं पुराच्या धोक्याचा नकाशा काढला आणि मुखपृष्ठावर छापलं की इथं थांबू नका. तिथं लाखो लोक सुखानं राहतात, राहू नका असं मी म्हणत नाही. पण तळमजल्याऐवजी चौथा मजला घ्या, आणि मोठं वादळ आलं तर कुठं जायचं ते आधी ठरवा. २०२० पासून जपानात घरभाड्याचा करार करताना त्या जागेला पुराचा धोका किती, हे एजंटानं नकाशा दाखवून सांगावं, असा नियम आहे. तो सांगायला लागला की मान डोलावून पुढं जाऊ नका. घर कुठल्या रंगात आलं आहे ते त्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि मगच सही करा.